ताई, सही करू का?

मागच्या अंकात मी माझ्या आईबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, बाबा गेले तेव्हा ती ३१ वर्षांची होती आणि पदरात आम्ही तीन मुली, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की दोन रात्री मी नुसती वाचतच बसले होते. सगळ्यांना इथं उत्तर देता येणार नाही, या वेळी चारच घेतेय, आणि पहिल्या पत्राला जास्त जागा देतेय कारण तिथं घाई आहे.

ताई, मी लातूर जिल्ह्यातली, वय ३३. मालकांनी आठ महिन्यांखाली स्वतःला संपवलं. मी त्या दिवशी चुलत बहिणीच्या लग्नाला गेले होते, घरी असते तर झालं नसतं असं सारखं मनात येतंय. तीन एकर रान मालकांच्या एकट्याच्या नावावर आहे, भावाभावांची वाटणी आधीच झालेली. पोरगी नववीला, पोरगा सहावीला, सासूबाई माझ्याजवळच राहतात. सोसायटीचं कर्ज आहे, आणि गावातल्या एकाकडून व्याजानं काढलेले पण आहेत, तो दारात येऊन बसायलाय. मोठे दीर म्हणायलेत हक्कसोडपत्रावर सही कर, बाईमाणसाला तहसीलचे खेटे जमणार नाहीत, मी रान बघतो, तुला आणि लेकरांला सालभर धान्य देतो. सासूबाई गप आहेत. सही नाही केली तर भाऊबंद तुटतील, केली तर लेकरांचं काय? मला काहीच समजना झालंय. सही करू का?

नको करूस बाई. बाकीचं सगळं नंतर वाच, पण आधी हे ऐक, कुणीही कितीही प्रेमानं पुढं केला तरी आत्ता कुठल्याच कागदावर सही नको आणि अंगठा पण नको. कोऱ्या कागदावर तर अजिबातच नको.

माझ्या आईपुढं असाच कागद आला होता, बाबांच्या चौदाव्या दिवशी. चुलत्यांनी आणलेला, जेवणाच्या पंगतीची भांडी अजून अंगणात धुवायची पडली होती. आई चौथी शिकलेली. ती एवढंच म्हणाली, ठेवून जा, मी वाचून घेते. आणि तिनं तो खरंच वाचला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला असायचा, रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की काढायची आणि शब्दाखाली बोट ठेवून एक एक ओळ वाचायची, मी शेजारी बसून अडलेलं अक्षर सांगायची. त्यात एका जागी राजीखुशीने असा शब्द होता. तिथं तिचं बोट थांबलं ते मला अजून दिसतं. म्हणाली, यात मी राजी आहे असं लिहिलंय, मला तर कुणी विचारलंच नाही. तो कागद सही न होताच डब्यात राहिला. चुलते पाच वर्षं बोलले नाहीत आणि मग थोरल्या ताईच्या लग्नात आपणहून येऊन उभे राहिले. तुझे दीर पण येतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण सही दिल्यावर घर जुळून राहतंच असं पण नाही ना, मी उलटंच जास्त पाहिलंय.

आता तुझ्या रानाचं बघू. तुम्ही हिंदू असाल आणि रान मालकांचं स्वतःचं असेल असं धरून सांगते, कारण इतर धर्मांत किंवा वडिलोपार्जित रानात वाटे वेगळे पडू शकतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवरा मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या मिळकतीवर बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांचा सारखा हक्क येतो. म्हणजे तुझ्या घरात चार वारस. तीन एकराचे झाले १२० गुंठे, प्रत्येकाला ३० गुंठे. मुलीचे ३० आणि मुलाचे पण ३०, त्यात कमीजास्त नाही. दीर या यादीत येतच नाहीत, आई बायको लेकरं हयात असताना भावाला हिस्सा नसतो. आणि हक्कसोडपत्र हे सहहिस्सेदाराच्या लाभात करायचं असतं, वाटणी होऊन गेल्यावर दीर या तीन एकरांत हिस्सेदार राहिलेच कुठं? त्यामुळं तो कागद नक्की कुणाच्या नावानं बनवलाय ते बघायला पाहिजे. कधी कधी आधी सगळं सासूच्या नावावर घेतात आणि मग सासूकडून पुढं. तुझ्या घरी तसंच चाललंय असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही, पण कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेव आणि वकिलाला दाखव. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती ते बघत नाहीत. फोन करायचा असेल तर १५१००.

लेकरं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली आहेत, त्यांच्या वाट्याची जमीन तू आई असलीस तरी कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता किंवा कुणाला देऊन टाकता येत नाही. हे दीरांना सांगायला बरं पडेल. तू नाही म्हणतेस असं न होता कायदाच आडवा येतो असं होईल, घरात तेवढी कटुता कमी.

वारसनोंद झाली का ते तू लिहिलंच नाहीस, मला वाटतं नसेल झाली. तलाठ्याकडं जा, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात तलाठीच. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, सातबारा आणि आठ अ, एवढं घेऊन लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नकोस. तीन महिन्यांत कळवायचा नियम आहे, तुझे आठ झाले, तरी घाबरू नको, उशिरा आलेली नोंद पण होते. मग फेरफार, म्हणजे नाव बदलल्याची नोंद, धरतात, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नंतर ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा काढ, १५ रुपये लागतात, आणि त्यावर चारही नावं आलीत का ते स्वतः वाच. लेकरांच्या नावापुढं अ.पा.क. आई म्हणून तुझं नाव यायला हवं, म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती तू. पोरगी नववीत आहे ना, तिला शेजारी बसव आणि तिच्याकडून वाचून घे. तिला पण कळू दे तिचे ३० गुंठे कुठले.

पैशाचं. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारकडून १ लाखाची मदत असते, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. प्रकरण पात्र की अपात्र ते जिल्ह्याची समिती ठरवते, तुझं तिथं गेलं का, काय ठरलं, ते तहसीलला लेखी विचार. वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत दाखवलेलं असेल तर संजय गांधी निराधार योजनेत महिना दीड हजार बसू शकतात. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर कमावता माणूस गेल्यावर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार असतात. तिन्हीची चौकशी एका खेपेतच उरकून घे, कारण दर वेळी रोजगार बुडवून जायचं म्हणजे काय ते मला कळतं. जाताना एकटी जाऊ नकोस, अंगणवाडीच्या ताई, आशा ताई, बचत गटातली कुणी, एक जण बरोबर घे, दोघी गेल्या की समोरचा माणूस नीट बोलतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

आणि तो जो दारात बसतो त्याला पहिलं विचार, सावकारीचा परवाना आहे का? विनापरवाना व्याजानं पैसे लावणं हा गुन्हा आहे, २०१४ चा कायदा आहे, तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडं करायची. नवऱ्याचं कायदेशीर कर्ज असलं तरी ते त्याच्या मागं राहिलेल्या मिळकतीपुरतंच वारसांवर येतं, तुझ्या रोजगाराच्या पैशावर आणि माहेरच्या दागिन्यांवर त्याचा हात पोचत नाही. दारात बसून धमकावत असेल तर १८१ ला फोन लाव किंवा सरळ ११२ ला.

सासूबाई गप आहेत असं लिहिलंस. एका रात्री लेकरं झोपली की त्यांच्याजवळ जाऊन बस आणि सांग की आई, यात तुमचे पण ३० गुंठे आहेत. कदाचित त्यांना आयुष्यात कुणी सांगितलंच नसेल. त्यांचा एक लेक गेलाय आणि दुसरा समोर कागद घेऊन उभा आहे, त्या कुठल्या तोंडानं बोलतील सांग. दीरांना रान खरंच कसायचं असेल तर बटईनं देता येईल, वकिलाला विचारून लेखी कर, पिकाचा वाटा ठरव, पण सातबारा तुमच्या चौघांचा राहू दे. असं सांगितलंस तर भाऊबंदकी तुटायला कारण पण राहत नाही.

राहिलं लग्नाचं. तू बहिणीच्या लग्नाला गेलीस कारण ते तुझ्या बहिणीचं लग्न होतं. तू घरी असतीस तर दुसऱ्या दिवशी रानात गेली असतीस, तिसऱ्या दिवशी बाजाराला गेली असतीस, चोवीस तास माणसाच्या उशाशी कुणी बसू शकत नाही गं. कर्ज, पाऊस, सोयाबीनचा पडलेला भाव, मनातला अंधार, याचं ओझं त्यांच्या डोक्यावर किती साचलं होतं ते त्यांनी तुला पण दाखवलं नाही. हे मी लिहून तुझ्या मनातून लगेच जाणार नाही, मला माहीत आहे. रात्री फार झालं तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, रात्री पण सुरू असते, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. लेकरांना पण नंबर लिहून दे, भिंतीवर कॅलेंडरशेजारी. आणि मला पुढचं पत्र टाक, वारसनोंदीचं काय झालं ते कळवायलाच.

दुसरं पत्र. मी सांगली जिल्ह्यातली, वय ६६. थोरला मुलगा २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात गेला. सून ३७ ची आहे, शाळेत शिक्षिका. पोरगी लाखात एक आहे, माझी औषधं सुद्धा तीच बघते. गेल्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू झालं तेव्हा ती स्वयंपाकघरात तिळगूळ भरत बसली, बाहेर आलीच नाही, आणि मला पण हाक मारायचा धीर झाला नाही, भावकीतल्या बायका होत्या. वर्षभर ते मनाला टोचतंय. या संक्रांतीला मी तिला बोलवू का? आणि दुसरं, तिचं परत लग्न व्हावं असं मला वाटतं पण हे सासूनं बोलायचं असतं का?

काकू, तुमचं पत्र मी माझ्या आईला फोनवर वाचून दाखवलं, ती आता ७८ ची आहे. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, तिला सांग बोलव म्हणावं.

तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. तिथल्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला ठराव केला की नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनी पण असं करावं असं सांगितलं. कोरोनात तरणीताठी माणसं गेली होती, बायका पंचविशी तिशीच्या, बघणाऱ्यांनाच ते सोसेना झालं होतं. तर भावकीतलं कुणी काही बोललं तर हेरवाडचं नाव घ्या, पलीकडच्या गावातल्या लोकांनी हात वर करून पास केलंय म्हणावं.

पण काकू, बायका यायच्या आधी तिला एकटीला विचारा. चारचौघींत एकदम कुंकवाचा करंडा पुढं केला आणि तिला नको असेल तर ती कुठं जाईल? काही जणींना मनापासून नको वाटतं, नवऱ्याच्या आठवणीनं नको वाटतं, तो पण तिचाच हक्क. सकाळी तुम्ही दोघीच असाल तेव्हा म्हणा, गेल्या वर्षी मी तुला हाक मारली नाही, माझं चुकलं. एवढं एक वाक्य आधी. ती हो म्हणाली तर पहिलं बोट तुमचंच लागू दे तिच्या कपाळाला, सगळ्यांसमोर, घरातली थोरली बाई तुम्ही आहात. आणि वाण देताना तिला शेवटी ठेवू नका.

लग्नाचं सासूनंच बोलावं, आणखी कोण बोलणार? माहेरच्यांना वाटतं सासरचे चिडतील, ती स्वतः बोलायची नाही कारण तुमचं मन मोडेल. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, त्या लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. त्या लग्नासाठी मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. ते १८९३ साल होतं काकू, आणि आज पण आपण लोक काय म्हणतील यावरच अडतो.

व्यवहाराचं एवढंच बघून ठेवा. मुलाच्या मिळकतीत सुनेला वारसा म्हणून मिळालेला हिस्सा तिनं लग्न केलं म्हणून जात नाही. मुलगा नोकरीला असेल आणि तिला पीएफची विधवा पेन्शन येत असेल तर ती मात्र लग्नानंतर बंद होते, त्याची चौकशी आधी करा. नातवंडाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, असेल तर त्याच्याशी पण बोला, लहान आहे म्हणून बाजूला ठेवू नका. बाकी घाई नको, स्थळ बघायला लागू नका, फक्त एकदा तिच्या कानावर घाला की मला चालेल. मग तिला काय करायचं ते ती ठरवेल, कदाचित काहीच करायचं नसेल.

वय २७, पुणे. माझा मित्र, म्हणजे आमचं लग्न ठरवायचं होतं, दिवाळीत घरी सांगणार होतो. ऑगस्टमध्ये बाइकवरून जाताना अपघातात गेला. त्याच्या घरी मी फक्त ऑफिसमधली एक कलीग. अंत्यविधीला मी सगळ्यांत मागं उभी होते. माझ्या घरी कुणाला काहीच माहीत नाही आणि आई आता स्थळं बघतेय. मी कुणाचं काय म्हणून रडू?

तू त्याची होतीस आणि तो तुझा होता, त्याला अजून कुणी नाव दिलं नव्हतं इतकंच. बायकोला लोक भेटायला येतात, डबे येतात, तेरा दिवस घर भरलेलं असतं, तुला दुसऱ्या दिवशी लॉगिन करायला लागलं असेल, आणि मीटिंगमध्ये कॅमेरा ऑन. हे एकटीनं ओढणं फार जड आहे पोरी. मला वाटतं आईला सांग. सगळं नको, एवढंच की आई, मी ज्याच्याशी लग्न करणार होते तो गेला, आत्ता स्थळ नको. आई रागावेल कदाचित, लपवलंस म्हणून, पण रागावून झाल्यावर जवळ घेईल अशी मला आशा आहे, तू ओळखतेस तिला, तूच ठरव. आईला जमणार नसेल तर एखादी मावशी, आत्या, मैत्रीण, घरातलं एक माणूस तरी असं पाहिजे की ज्याच्यासमोर त्याचं नाव मोठ्यानं घेता येईल.

त्याच्या घरच्यांना सांगायचं की नाही याची आज घाई नाही. वर्षभरानं कधीतरी त्याच्या आईला भेटून तो ऑफिसात कसा होता, डब्यातलं काय आवडीनं खायचा, एवढं जरी सांगितलंस तरी त्या माउलीला ते हवंच असेल. पुढचं त्यांच्या डोळ्यांत बघून ठरव. आणि सध्या झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर समुपदेशकाकडं जा, मी मुद्दाम सांगतेय कारण तुझ्या पत्रावर वेळ पहाटे ३.४० ची आहे.

डोंबिवली, वय ६३. मिस्टरांना जाऊन पाच महिने झाले. त्यांचा फोन मी अजून चार्ज करते, रिचार्ज पण करते. मुलगा म्हणतो आई कशाला पैसे घालवतेस. मी वेडेपणा करतेय का?

अजिबात नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाला हाक मारली त्याचा नंबर बंद करायची तारीख मुलानं कशाला ठरवायची. रिचार्ज चालू ठेवा, तसं पण बँक, गॅस, पेन्शन, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतील, ती कामं पुरी होईपर्यंत सिम लागतंच, आणि बरेच दिवस रिचार्ज नसेल तर कंपनी नंबर काढून दुसऱ्याला देते. बँकेत मात्र लवकर जा, खात्याला नॉमिनी कोण आहे ते बघा, दाखला देऊन रीतसर तुमच्या नावावर करून घ्या, त्यांच्या कार्डावर पैसे काढत राहू नका.

आणि एक काम आजच मुलाला सांगा, त्याला पण करायला बरं वाटेल. फोनमध्ये त्यांचे व्हॉइस मेसेज असतील, येताना कोथिंबीर आणू का असले, ते सगळे काढून दुसऱ्या फोनमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवून घ्या. जुने फोन कधी बंद पडतील सांगता येत नाही.